‘बाहेर काहीच नाही जमलं वाटते?’ : बी.एड.च्या पोरांना वर्ग देणाऱ्या शिक्षकांना खुलं पत्र

प्रति,
नागपूर शहरात आणि जिल्ह्यात ज्या ज्या शाळांत बी.एड.चे विद्यार्थी आंतरवासितेला (इंटर्नशिपला) येतात, तिथले मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि शिक्षक यांना,

सर, मॅडम, नमस्कार.

मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणित आणि विज्ञान ही माझी मेथड, म्हणजे शिकवायचे विषय. जुलैपासून सोळा आठवडे तुमच्यातल्याच एका शाळेत होते. शाळेचं नाव लिहीत नाही. एक तर तिथल्या लोकांनी मला पुष्कळ दिलं आहे. दुसरं असं की कामठीला गेलेली मैत्रीण, हिंगण्याला गेलेली मैत्रीण आणि मी अशा तिघी एकदा सीताबर्डीला भेटलो, तेव्हा तिघींच्या गोष्टीत फक्त शाळेच्या गणवेशाचा रंग वेगळा निघाला.

पहिल्या दिवशी आम्ही सहा जण स्टाफरूमच्या दारात उभे होतो. खुर्च्या मोजक्या, त्यामुळे आत जायचं की व्हरांड्यात थांबायचं ते कळेना. एक ज्येष्ठ सर डबा खात होते. त्यांनी आमची यादी हातात घेतली, माझ्या नावापुढचं एम.एस्सी. वाचलं आणि म्हणाले, “एम.एस्सी. करून इकडं काहून आली व पोरी? बाहेर काहीच नाही जमलं वाटते?”

सगळे हसले. मीही हसले. सर वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगून टाकते. त्यांनीच लगेच स्वतःची पिशवी उचलून मला खुर्ची करून दिली आणि डब्यातली अर्धी सांबारवडी माझ्या हातावर ठेवली. तेव्हा मला काही लागलं वगैरे नाही. लागलं ते चाळीस मिनिटांनी, सातवी ‘ब’ च्या फळ्यासमोर.

पाठ होता पूर्णांक संख्यांच्या गुणाकाराचा. टाचण दोनदा लिहिलं होतं, तक्ता रात्री बारापर्यंत बसून रंगवला होता. सर निरीक्षणाला शेवटच्या बाकावर बसले. मी फळ्यावर (−४) × (−३) लिहिलं आणि पुढे लिहिलं −१२.

दुसऱ्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, अधिक येते ना?”

येतेच. मला ते सातवीपासून येतं. पदवीला मी यापेक्षा कितीतरी कठीण बीजगणित सोडवलं आहे. पण त्या क्षणी माझं अर्धं डोकं फळ्यावर होतं आणि अर्धं शेवटच्या बाकावर. सर आता मनात काय म्हणत असतील? ‘खरंच काही जमलं नसेल हिला.’ डस्टर टेबलावर होतं, तरी मी उणे चिन्ह तळहातानं पुसलं. उरलेला तास पुस्तक हातात धरून नुसतं वाचून काढला. तास संपल्यावर माझ्या वहीवर लाल पेनानं शेरा आला: ‘ठीक.’

चूक माझीच होती, ती मी कुणाच्या गळ्यात घालत नाही. पण ती कशी झाली, याचा विचार मला बरेच दिवस सोडेना. पुढे सेमिनारसाठी वाचताना एक धागा हाती लागला.

१९९५ साली क्लॉड स्टील आणि जोशुआ अ‍ॅरन्सन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला. विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांना भाषेचे कठीण प्रश्न दिले. काहींना सांगितलं, यातून तुमची बौद्धिक क्षमता कळणार आहे. तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडले. काहींना तेच प्रश्न ‘क्षमता मोजायची नाही, प्रश्न कसे सोडवतात एवढंच बघायचं आहे’ असं सांगून दिले, तिथे आधीच्या परीक्षेतले गुण जमेस धरले तर ते मागे पडले नाहीत. आपल्या गटाबद्दल लोक जे वाईट बोलतात ते आपल्या हातून खरं ठरेल, या धास्तीनंच डोक्याची जागा अडते. जर्मनीत इमे आणि म्योलर यांनी २०१५ साली हाच धागा शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांपर्यंत नेला. लोकांच्या मनातलं आमचं चित्र तिथेही ओळखीचंच निघालं: स्वभावानं मायाळू, पण हुशारीत बेताचे. त्या समजाची आठवण करून देऊन चाचणी घेतली, तर त्या विद्यार्थ्यांचे गुण घसरले. या विषयावरच्या सगळ्याच प्रयोगांत इतका ठळक परिणाम मिळालेला नाही आणि संशोधकांत त्यावरून वादही आहेत. मी त्यात शिरत नाही. मला माझा तळहात आठवला, एवढंच.

सर, ‘काहीच नाही जमलं तर मास्तरकी’ हे वाक्य आम्ही पहिल्यांदा तुमच्याकडे ऐकत नाही. ते घरी ऐकतो, लग्नात ऐकतो, शहराच्या ‘आपली बस’मध्ये ऐकतो. माझी मावशी मला शाबासकी देते ती अशी: “बरं केलं बाई, अर्ध्या दिवसाची नोकरी, सुट्ट्याच सुट्ट्या, घर सांभाळून होते.” मुलांचं आणखी वेगळं. माझा एक वर्गमित्र भिवापूरकडचा. कॉलेज सुटलं की संध्याकाळी पार्सलं पोचवतो. पार्सलाच्या कामाची त्याला लाज नाही, पण कॉलेजचं आयकार्ड मात्र बसमध्ये चढण्याआधी शर्टाच्या खिशात सरकवतो. गावी त्याला विचारतात, शिक्षणसेवकाला पोरगी कोण देईल? २०२३ पासून शिक्षणसेवकाचं, म्हणजे कायम होण्याआधीच्या नव्या शिक्षकाचं, महिन्याचं मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झालं. त्याआधी ते सहा, आठ आणि नऊ हजार होतं, तेही तीन वर्षं. तेव्हा गावानं विचारलेला प्रश्न अगदीच हवेतला नाही, हेही कबूल.

बाहेरच्यांचं बोलणं सहन होतं. त्यांना वर्ग माहीत नाही. तुमचं बोलणं आत जातं, कारण तुम्हाला माहीत आहे. वीस-पंचवीस वर्षं खडू हातात धरलेला माणूस जेव्हा म्हणतो की इथं काही अर्थ नाही, तेव्हा ते आम्हाला मत वाटत नाही, निकाल वाटतो.

आणि त्याचे परिणाम तुम्ही रोज बघता, फक्त त्यांना नाव वेगळं देता. ‘आजकालच्या बी.एड.च्या पोरांना काही घेणं-देणं नाही’ हे वाक्य मी स्टाफरूममध्ये निदान दहा वेळा ऐकलं. आमच्यातला एक जण खरंच टाचणं उतरवून काढायचा. सीनिअरची वही, तारीख तेवढी बदलायची. मी त्याच्यावर चिडले, तर म्हणाला, “ज्या कामाले कोणी काम नाही म्हणत, ते कशाले जीव तोडून करू?” दुसरी एक जण सगळ्यांना सांगत फिरते की हे तात्पुरतं आहे, मी एमपीएससी करून राहिली. प्रत्यक्षात ती एमपीएससीचं पुस्तक उघडत नाही, पण विचारणाऱ्याचं तोंड बंद करायला तेवढं पुरतं. तिसरा मुलांवर ओरडतो. स्वभावानं तो मवाळ आहे. पण मवाळ दिसलो तर कमी समजतील, ही भीती. त्याच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते, आणि मुख्याध्यापकांनी त्याचं कौतुक केलं, “यालाच म्हणतात कंट्रोल!”

मी काय केलं? मी विचारणं बंद केलं. अपूर्णांकांच्या भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा करून का गुणायचं, हे मुलांना नेमकं कसं समजवावं, हा प्रश्न मला साताठ दिवस सतावत होता. स्टाफरूममध्ये चार गणिताचे शिक्षक होते. एकालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर ‘एम.एस्सी.ला हेही येत नाही’ झालं असतं, असं मला वाटलं. कदाचित कुणी तसं म्हटलंही नसतं. माझ्या सोळा आठवड्यांचं सगळ्यात मोठं नुकसान मला विचाराल तर हेच आहे: शिकायला आले होते आणि विचारायला घाबरत होते.

आमच्या बॅचमधल्या एका मैत्रिणीला दुसऱ्या शाळेत दुसऱ्याच दिवशी विचारलं गेलं, “कोणत्या कोट्यातून?” त्यावर मी काय लिहू? याच नागपुरात जाईबाई चौधरी होऊन गेल्या. हमालीचं काम करणारी बाई शिकली आणि शिक्षिका झाली, तर अस्पृश्य शिक्षिका नको म्हणून पालकांनी शाळेवर बहिष्कार घातला आणि तिला ती नोकरी सोडावी लागली. पुढे १९२२ मध्ये त्यांनी संत चोखामेळा यांच्या नावानं मुलींची शाळा काढली. जाईबाईंनी सोसलं ते आणि माझ्यावरचं स्टाफरूमचं हसणं, ही दोन्ही एका तराजूत टाकायची माझी हिंमत नाही. माझ्या मैत्रिणीला विचारलेला प्रश्न मात्र त्याच घराण्यातला आहे. ती त्या दिवसानंतर स्टाफरूममध्ये डबा खायला बसली नाही. जिन्याखाली बसायची.

आता तुम्ही म्हणाल, लोक उगाच बोलतात का? नाही बोलत. २०१९-२० च्या टीईटीत (शिक्षक पात्रता परीक्षेत) पैसे घेऊन गुण वाढवल्याचं प्रकरण साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. २०२५ मध्ये तर आपल्याच नागपूर विभागात शालार्थ आयडीचा, म्हणजे शिक्षकांच्या पगारासाठीच्या सरकारी क्रमांकाचा, घोटाळा उघडा पडला. बोगस शिक्षकांच्या नावानं पगार निघत होते, अधिकाऱ्यांना अटक झाली. त्या आठवड्यात कॉलनीतल्या काकांनी मला फाटकाशी गाठून विचारलं, “तुले किती भरा लागतीन मग?” मी अजून बी.एड.ची शेवटची परीक्षाही दिलेली नाही, आणि माझा भाव विचारून झाला. चोरी करणाऱ्यांनी पगार उचलला, डाग आमच्या कोऱ्या आयकार्डावर पडला. पण काकांवर मला राग धरता येत नाही. पेपरात वाचलं तेच ते बोलले.

गंमत अशी की ‘काहीच न जमणाऱ्यांसाठी’ ठेवलेला हा दरवाजा फार अरुंद आहे. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. मग टीईटी, मग भरतीची अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवर प्राधान्यक्रम भरून वाट बघत बसणं. टीईटीत पास होणाऱ्यांचं प्रमाण बहुतेक वेळा एक आकडी टक्क्यांत राहतं. इतर परीक्षांचा निकाल असा कमी लागला की लोक म्हणतात, बापरे, केवढी कठीण परीक्षा! टीईटीचा लागला की बातमी येते, ‘गुरुजीच नापास’.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावी लागेल. त्या दिवसानंतर आमची स्टाफरूम बदलली, मी डोळ्यांनी पाहिलं. घंटा झाली तरी कुणी उठेना. मोबाइलवर निकालाच्या बातम्या, कुणाची सेवा किती उरली याचे हिशेब. तीन-चार दिवसांनी तेच सांबारवडीवाले सर मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आले. इकडे-तिकडे बघून म्हणाले, “पोरी, बालमानसशास्त्राच्या नोट्स हायेत का तुझ्याजवळ?”

दुसऱ्या दिवशी मी झेरॉक्स नेऊन दिली. मला त्यात सूड घेतल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. वाचायचा चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, “अठ्ठावीस वर्षं शिकवलं. आता मलेच कागदावर दाखवा लागते का मले शिकवता येते म्हणून.” आवाज नेहमीचा नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं, कारण सातवी ‘ब’ मध्ये ते माझ्या चेहऱ्यावर होतं. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, शिक्षणमंत्र्यांना नाही. (अधिवेशनाच्या दिवसांत त्यांना निवेदन देणारे पुष्कळ असतात.)

तुमचं ओझं मी पाहिलं नाही असं नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमानं जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं शिक्षकाच्या माथी मारता येतात. मग रोज सकाळी ही माहिती तातडीनं भरा, ती लिंक दुपारपर्यंत भरा, अमक्याचं आधार जुळत नाही, संचमान्यतेत (पटसंख्येवरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) पद जाईल, हे सगळं कुठल्या कलमात बसतं देव जाणे. त्या धांदलीत सहा नवी पोरं दारात येऊन उभी राहिली की कपाळाला आठी पडणारच. मोकळे तास आम्हाला देऊन तुम्ही माहित्या भरल्या, त्याचंही मला काही नाही. वर्ग मिळाला तेवढा बराच.

पण तुमच्याच शाळेतल्या एका मॅडमचं सांगते. त्या मराठीच्या. सप्टेंबरात एकदा गणिताचे सर रजेवर होते म्हणून माझ्या तासाला त्या बसल्या. आत आल्या आणि मुलांना म्हणाल्या, “या तुमच्या गणिताच्या मॅडम. आज मीही यांच्याजवळ शिकायला आली. मला शाळेत हे कोणीच नीट सांगितलं नव्हतं, उणे गुणिले उणे अधिक काहून होते?” आणि शेवटच्या बाकावर न जाता पहिल्या बाकावर दोन पोरींच्या मध्ये बसल्या.

मी टाचण बाजूला ठेवलं. बाकं सरकवली, फरशीवर खडूनं शून्य काढलं, उजवीकडच्या फरश्यांवर एक, दोन, तीन, डावीकडे उणे एक, उणे दोन. एका मुलाला शून्यावर उभं केलं. पहिली संख्या उणे, म्हणून तोंड उणेकडे. दुसरीही उणे, म्हणून चालायचं मागे मागे. (−३) × (−२): तीन-तीन फरश्या, दोनदा, मागे. तो मागे सरकत सरकत गेला आणि अधिक सहावर जाऊन थांबला. मागे वळून आकडा पाहिला आणि ओरडला, “म्हणजे मॅडम, उलटं तोंड करून उलटं चाललं का सुलटंच होते!” मग प्रत्येकालाच चालायचं होतं. गोंधळ एवढा झाला की शेजारच्या वर्गातून निरोप आला. एरवी मी तेवढ्यानं गार पडले असते. त्या दिवशी दार लोटून घेतलं.

मॅडमनी माझ्या वहीत अर्धं पान लिहिलं. त्यात कौतुक दोन ओळी, बाकी चुका. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहिता तेव्हा आडव्या उभ्या राहता, डावीकडच्या दोन रांगांना दिसत नाही. वाक्याच्या शेवटी आवाज पडतो. ज्या मुलीनं आधी चूक दाखवली होती, तिला पुन्हा एकदाही उत्तर विचारलं नाही, मुद्दाम का? ही शेवटची ओळ वाचून मी घरी जाईपर्यंत गप्प होते. खरं होतं ते. सातवी ‘ब’ मधल्या त्या मुलीकडे मी आठवडे न् आठवडे बघायचं टाळलं होतं. म्हणजे जे माझ्यासोबत झालं, तेच मी पुढे एका बारा वर्षांच्या पोरीला देऊन मोकळी झाले होते. दुसऱ्या दिवशी तिला फळ्याजवळ बोलावलं. आली, पण खडू घेताना आधी माझ्याकडे बघून घेतलं.

मारबतीच्या, म्हणजे पोळ्यानंतर वाईट गोष्टींचे पुतळे मिरवून जाळायच्या आमच्या नागपुरी सणाच्या सुमारास आमच्या बॅचच्या ग्रुपवर एकानं टाकलं होतं, यंदा ‘काहीच नाही जमलं’ या वाक्याचा बडग्या (पुतळा) करू आणि महाल भागातून फिरवू. इडा पीडा, खोकला, बेरोजगारी घेऊन जा गे मारबत म्हणतातच, त्यात एवढं एक वाक्य जास्तीचं. हसण्यावारी गेलं. बांबू आणि कागद आणायला पैसेही नव्हते.

तुम्हाला बडग्या काढायला सांगत नाही. पुढची बॅच जुलैत येईल. पहिल्या दिवशी परिपाठाला त्यांचं नाव आणि विषय मुलांना सांगा. आमची ओळख ‘बी.एड.वाल्या’ अशी झाली आणि सोळा आठवडे तीच राहिली. दारात उभ्या असतील तर कुठे बसायचं ते सांगा, खुर्ची नसली तरी चालेल. निरीक्षणाला बसलात तर तास संपल्यावर पाच मिनिटं बोला, आणि चुका सांगाच; चुका ऐकायला आम्ही घाबरत नाही, त्यासाठीच येतो. आणि कुणाच्या नावापुढे मोठी पदवी दिसली, तर ‘इकडं काहून आली’ हा प्रश्न जरूर विचारा. फक्त पुढचं वाक्य स्वतः बोलून टाकू नका, तिला बोलू द्या. काही जणींजवळ त्याचं उत्तर असतं. माझ्याजवळ होतं. चाळीस मिनिटांत विसरले होते, आता पुन्हा आठवलं आहे.

आपली,
गणित मेथडची एक छात्राध्यापिका
मानेवाडा, नागपूर

ता.क. सांबारवडीवाल्या सरांसाठी: माझी पाठांची दुसरी वही अजून तुमच्या कपाटात, हजेरीपटांच्या खाली आहे. शेवटच्या आठ पाठांवर शेरा बाकी आहे. सवडीनं लिहून ठेवा, टीईटीच्या गणिताचे जुने पेपर द्यायला मी येणारच आहे, तेव्हा घेऊन जाईन. ‘ठीक’ सोडून काहीही चालेल.